गंगापूर रोडवरील श्रवणसत्र: एडी मिचेल, गायक आणि नट

जुन्या तबकड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या नाशिकमधील एका छोट्या दुकानाने गेल्या काही महिन्यांपासून, गंगापूर रोडलगतच्या गल्लीत असलेल्या आपल्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, सशुल्क श्रवणसत्रे सुरू केली आहेत. एका सत्रात एकच कलाकार घेतला जातो, त्याच्या कारकिर्दीतील निवडक ध्वनिमुद्रणे मूळ तबकड्यांवरून ऐकवली जातात आणि त्याने चित्रपटांत कामे केली असतील तर त्यांचे काही भाग पडद्यावर दाखवले जातात. माणशी पाचशे रुपये शुल्क, त्यात कॉफी आणि फराळ. मी ज्या सत्राला गेलो ते एडी मिचेल या फ्रेंच रॉक अँड रोल गायकावर होते. फ्रान्सबाहेर त्याचे नाव फारसे पोचलेले नाही आणि नाशिकमध्ये ते ठाऊक असण्याचे तर काहीच कारण नाही. म्हणूनच निवड धाडसाची होती. तीन तासांच्या या कार्यक्रमाचा पहिला तास मला लांबलेला वाटला, मधला तास उत्तम वाटला आणि शेवटचा भाग चांगल्या सामग्रीवर घाईने उरकल्यासारखा वाटला. तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

आधी जागेविषयी. खोलीत पंचवीस-तीस खुर्च्या मावतात आणि त्या लाकडी, पाठीला आधार देणाऱ्या आहेत. तीन तास बसायचे असल्याने ही गोष्ट किरकोळ नाही. भिंतींना जाड पडदे लावून घुमणारा आवाज मारला आहे. टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर जुन्या बनावटीचे असले तरी निगा राखलेले आहेत, आणि प्रत्येक तबकडी लावण्यापूर्वी ती ब्रशने पुसून मगच सुई टेकवली जात होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या तबकड्यांतून जी खरखर यायची ती आलीच, पण गायकाचा आवाज तिच्या पुढे, स्वच्छ उभा राहत होता. सादरकर्ते गृहस्थ पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेले आहेत आणि वाइनच्या व्यवसायामुळे त्यांचे फ्रान्सला जाणे-येणे असते. विषयाची त्यांना आस्था आहे आणि माहितीही पुष्कळ आहे. मात्र गाणे सुरू झाल्यावरही त्यांचे निवेदन थांबत नाही, हा दोष त्यांनी तातडीने दूर करायला हवा. सुरावटीची पहिली ओळ ऐकू न देता तिचे मोठेपण सांगत राहणे श्रोत्यांवर अन्याय करणारे आहे.

सत्राचा पहिला तास १९६० ते १९६३ या काळाला दिला होता. एडी मिचेलचे खरे नाव क्लोद म्वान. जन्म ३ जुलै १९४२, पॅरिसमध्ये. बेलव्हिलच्या कामगारवस्तीत वाढलेला हा मुलगा शाळा सोडून क्रेदी लियोने या बँकेत निरोप्याचे काम करत होता आणि संध्याकाळी गोल्फ-द्रुओ नावाच्या क्लबात जात होता. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावरील हा क्लब आधी छपराखाली छोट्या आकाराचा गोल्फ खेळण्याची जागा होता. तिथल्या ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकल्यावर हवी ती तबकडी वाजवणाऱ्या यंत्रात, अमेरिकी रॉक अँड रोलच्या तबकड्या असल्यामुळे पॅरिसची तरुण पोरे तिथे जमू लागली. तिथेच त्याची आणि त्याच्याहून वर्षाने लहान असलेल्या, पुढे रॉक गायक म्हणून गाजलेल्या जॉनी हॅलिडेची मैत्री झाली. अमेरिकी संगीताच्या वेडापायी या मुलांनी आपापली नावे बदलली. क्लोदने घेतलेले ‘एडी’ हे नाव त्या काळी फ्रेंच चित्रपटांत गाजत असलेल्या एडी कॉन्स्टंटाइन या अमेरिकी नटावरून आले. म्हणजे हा गायक नाव घेतानाच सिनेमाच्या पडद्याकडे पाहत होता. ही गोष्ट सादरकर्त्यांनी ओझरती सांगितली, मात्र पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली तिच्यात असल्याने तिथे थोडे थांबायला हवे होते.

मुलांनी उभारलेल्या पथकाचे नाव आधी ‘फाइव्ह रॉक्स’ असे होते. ध्वनिमुद्रिका काढणारे एदी बार्क्ले यांनी स्टेम या मोजे बनवणाऱ्या कंपनीशी जाहिरातीचा करार करून त्यांना ‘ले शोसेत न्वार’, म्हणजे काळे मोजे, हे नाव देऊन टाकले आणि मुलांना ते त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावरूनच कळले असे सांगतात. १९६१ साली या काळ्या मोज्यांची गाणी फ्रान्सभर वाजत होती. या टप्प्यातील गाणी बहुतांशी अमेरिकी गाण्यांची फ्रेंच रूपे आहेत. चक बेरी या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाच्या गाजलेल्या गिटारगीतातील नायकाचे नाव बदलून तिथे गायकाने स्वतःचे ‘एडी’ बसवले आहे. उत्साह दांडगा आहे, गिटार धारदार आहे, पण अशी चार गाणी ऐकली की पाचवे ऐकण्याची निकड उरत नाही. सत्रात अशी बरीच गाणी लागोपाठ वाजली, तीही आवाज चढवून. मागच्या रांगेतील दोन ज्येष्ठ श्रोते मध्येच उठून गच्चीत जाऊन उभे राहिले, ते मला समजण्यासारखे वाटले.

या तासाची खरी जागा तुलनेसाठी होती आणि ती तशी वापरली गेली नाही. हॅलिडे रंगमंचावर घाम गाळणारा, जमिनीवर लोळणारा, स्टेडियमे भरवणारा गायक होता. मिचेलचा आवाज जाड, खालच्या पट्टीत सुखाने राहणारा. ओरडण्याऐवजी तो सांगतो. लष्करी सेवेचे बोलावणे आल्याने पथक विस्कळीत झाले आणि १९६३ पासून तो एकटा गाऊ लागला, लंडनच्या स्टुडिओत जाऊन तिथल्या वादकांसोबत ध्वनिमुद्रण करू लागला, तेव्हा हा फरक कानाला स्पष्ट कळतो. सत्रात त्या लंडन काळातील एकच गाणे होते, पण त्या एकाच गाण्यात काळ्या मोज्यांच्या सगळ्या धांगडधिंग्यापेक्षा अधिक ऐकण्यासारखे होते.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्याची लोकप्रियता उतरणीला लागली आणि काही वर्षे बरी गेली नाहीत. सादरकर्त्यांनी हा काळ दोन वाक्यांत ओलांडला, ते योग्यच झाले. १९७४ मध्ये तो अमेरिकेत, टेनेसी राज्यातील नॅशव्हिलला गेला आणि कंट्री संगीताच्या त्या माहेरघरात, तिथल्याच वादकांना घेऊन त्याने नवी ध्वनिमुद्रिका केली. चार्ली मॅकॉय या नामवंत हार्मोनिकावादकाची साथ त्यात आहे. इथून त्याच्या गाण्याची चाल मोकळी होते. रस्ता, मोटार, मोटेल, हरवलेली बाई हे सगळे अमेरिकी सामान त्याने उचलले, पण बोलणारा माणूस पॅरिसच्या उपनगरातलाच राहिला. पिएर पापादियामांदी हे त्याचे संगीतकार. शब्द बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे. या जोडीची गाणी सुरू झाली आणि खोलीतले वातावरण बदलले.

मध्यंतरानंतर लागलेले पहिले गाणे १९७७ सालचे ‘ला देर्निएर सेआंस’, अखेरचा खेळ. शाळा सुटल्यावर वडील मुलाला घ्यायला येतात, दोघे मिळून वस्तीतल्या चित्रपटगृहात जातात, पडद्यावर अमेरिकी नट गॅरी कूपर दुबळ्यांच्या बाजूने लढत असतो, मध्यंतरात आइसक्रीम मिळते. मग एके दिवशी त्या चित्रपटगृहाचा शेवटचा खेळ होतो आणि गायक सांगतो की या इमारतीचे पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे: गॅरेज होईल, नाहीतर सुपरमार्केट. गाण्याची लय संथ आहे, पियानो पुढे आहे, आणि दुःख करण्यासारखे सगळे असूनही गायक गळा काढत नाही. दादासाहेब फाळके १९१३ नंतर आपला चित्रपटांचा संसार घेऊन ज्या गावात राहिले आणि १९४४ साली जिथे त्यांचे निधन झाले, त्या गावात बसून हे गाणे ऐकताना ते परके वाटत नाही. विजयानंद, सर्कल, हेमलता ही चित्रपटगृहांची नावे नाशिकमधल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या तोंडी आजही पत्ता सांगण्यासाठी येतात. गाणे संपल्यावर खोलीत जी कुजबुज झाली ती सगळी तिकिटांचे दर, बाल्कनी, डोअरकीपर आणि ब्लॅकवाले यांच्याविषयी होती. सादरकर्त्यांनी ती थांबवली नाही, याबद्दल त्यांचे आभार.

या गाण्याच्या नावानेच पुढे फ्रेंच दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला आणि सत्रातील सर्वांत मोलाचा भाग मला त्याविषयीचा वाटला. जानेवारी १९८२ ते डिसेंबर १९९८ अशी जवळपास सतरा वर्षे एफआर ३ या वाहिनीवर (नंतर तिचे नाव बदलले) मिचेल या कार्यक्रमाचा यजमान होता. एका रात्रीत दोन जुने अमेरिकी चित्रपट दाखवायचे. पहिला फ्रेंचमध्ये डब केलेला, दुसरा रात्री उशिरा, मूळ भाषेत, उपशीर्षकांसह. मध्ये कार्टून, जुन्या जाहिराती, म्हणजे पूर्वीच्या चित्रपटगृहात तिकीट काढल्यावर जे जे मिळायचे ते सगळे. चित्रीकरण पॅरिसजवळच्या रोमँव्हिल येथील त्रियानाँ या खऱ्याखुऱ्या चित्रपटगृहात होत असे. ऑक्टोबर १९८२ मध्ये तर पन्नासच्या दशकातील एक त्रिमिती भयपट दाखवला गेला आणि प्रेक्षक घरोघरी दोन रंगांच्या काचांचे कागदी चष्मे लावून बसले. या कार्यक्रमातील दहा-बारा मिनिटांचा तुकडा सत्रात दाखवला. लाल खुर्च्यांच्या रांगेत बसलेला, जाडसर, किंचित कंटाळलेल्या चेहऱ्याचा हा माणूस ज्या सहजपणे जुन्या पाश्चात्त्य घोडेस्वारपटांविषयी बोलतो, ते पाहिल्यावर त्याच्या गाण्यांतली माणसे कुठून येतात ते उलगडते. अमेरिका त्याला ज्यूकबॉक्सइतकीच पडद्यावरून भेटली होती.

यानंतरची दोन गाणी निवडण्यामागे चांगला विचार दिसला. १९८० सालचे ‘कूलर माँत आ लो’ हे त्याचे बहुधा सर्वाधिक परिचित गाणे. कॅफेतल्या ज्यूकबॉक्सला टेकून उभी असलेली, सिनेतारकेसारखा चेहरा रंगवलेली एक मुलगी हॉलिवूडच्या स्टुडिओत आपली चाचणी होत असल्याचे स्वप्न पाहते आहे, आणि गाणारा तिच्याकडे दुरून पाहतो आहे. एवढाच प्रसंग आहे. चाल इतकी लोभस आहे की अर्थ न कळताही खोलीतले अर्धे लोक ती गुणगुणत होते.

दुसरे १९७८ सालचे ‘इल न रांत्र पा स स्वार’, तो आज रात्री घरी येणार नाही. कंपनीतील एका अधिकाऱ्याला दुपारी कार्मिक विभागाचा प्रमुख बोलावून घेतो. एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपली कंपनी विकत घेतली आहे, तुमचे काम शुक्रवारी संपेल, असे सांगतो. त्या माणसाला घरी जाण्याचा धीर होत नाही. गाण्यात घोषणा नाही, कंपनीवर राग नाही. गोल्फ, ब्रिज, समुद्रकाठच्या सुट्ट्या, मुलांच्या महागड्या शाळा ही संपलेल्या सुखांची यादी आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्तीच्या लाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या गाण्याच्या पार्श्वभूमीची टिपणी लागत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी ते पुन्हा लावण्याची विनंती केली आणि ते पुन्हा लावले गेले. नोकरी जाण्यावरची गाणी रॉक अँड रोलमध्ये पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत बोलणारा तरुण असतो आणि बाहेर मोकळा रस्ता असतो. इथला माणूस मध्यमवयीन आहे आणि त्याच्या अंगावर कोट-टाय आहे. असे पात्र तीन-चार मिनिटांत उभे करणारा गायक नट झाला यात नवल वाटू नये.

नट म्हणून त्याची ओळख करून देणारा भाग मात्र सत्राने अखेरच्या पाऊण तासात कोंबला. दाखवलेला पहिला चित्रपट दिग्दर्शक बेर्त्राँ ताव्हेर्निए यांचा १९८१ सालचा ‘कू द तोर्शाँ’. जिम थॉम्पसन यांच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात घडणाऱ्या कादंबरीला ताव्हेर्निए यांनी १९३८ च्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत नेऊन बसवले. फिलिप न्वारे यांचा लाचार दिसणारा आणि हळूहळू खुनी होत जाणारा पोलीस अधिकारी हे चित्रपटाचे केंद्र. इझाबेल ह्युपेर आणि स्तेफान ओद्राँ यांच्याही भूमिका त्यात आहेत आणि परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर नामांकनांत त्याचा समावेश होता. मिचेल त्यात नोनो आहे: अधिकाऱ्याच्या बायकोचा भाऊ म्हणवून त्याच घरात फुकट राहणारा, आळशी, निर्लज्ज माणूस, जो भाऊ असण्याची शक्यता फारच कमी आहे. देखणा दिसण्याची धडपड नाही, आपण गाणारे आहोत याची आठवण करून देणे नाही. गाजलेले गायक जेव्हा चित्रपटात येतात तेव्हा बहुधा स्वतःचीच भूमिका करतात, आणि हॅलिडेच्या सुरुवातीच्या चित्रपटांची तीच रड होती. मिचेलने मात्र आपला बावळटपणा पणाला लावला.

दुसरा एतिएन शातिलिए यांचा १९९५ सालचा ‘ल बोनर ए दाँ ल प्रे’. संडासाची झाकणे आणि ब्रश बनवणाऱ्या कारखान्याचा त्रासलेला मालक (मिशेल सेरो), टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात दूरच्या गावातील एक बाई त्यालाच आपला बेपत्ता नवरा समजते, आणि तो ती चूक दुरुस्त करायच्या ऐवजी तिकडे निघून जातो, असे हे प्रहसन आहे. मिचेल त्यात मालकाचा जिवलग मित्र आहे. खाण्यापिण्याची आवड असलेला, वरून खडबडीत आणि आतून हळवा. या भूमिकेसाठी त्याला १९९६ मध्ये सर्वोत्तम सहायक अभिनेत्याचा सेझार मिळाला. सेझार म्हणजे फ्रान्समधील सर्वांत मानाचा चित्रपट पुरस्कार. गाण्याच्या बळावर आलेल्या माणसाला तो अभिनयासाठी मिळणे लहान गोष्ट नाही. जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग दाखवला गेला, त्यात सेरोसारख्या कसलेल्या नटासमोर तो जवळजवळ काहीच करत नाही. घास चावतो, ऐकतो, मान वळवतो. हसू मात्र त्याच्या वाट्यालाही तेवढेच येते.

अडचण अशी की हे सगळे मला अंदाजाने समजले. पडद्यावरची इंग्रजी उपशीर्षके इतकी बारीक होती की तिसऱ्या रांगेपासून मागे ती वाचता येत नव्हती, आणि प्रसंगांना मराठी सारांश छापून दिलेला नव्हता. गाण्यांचा सारांश असलेले चार पानी टिपण प्रवेशद्वारापाशी मिळते. ते उपयुक्त आहे, शब्द साधे आहेत, पण टंकलेखनाच्या चुका ठिकठिकाणी आहेत आणि दोन गाण्यांची वर्षे आपसांत बदलली आहेत. सत्राचे शुल्क घेणाऱ्यांनी छापण्यापूर्वी ते एकदा दुसऱ्याला वाचायला द्यावे. माझ्या मते काळ्या मोज्यांची निम्मी गाणी काढून टाकून तो वेळ ताव्हेर्निए यांच्या चित्रपटाला द्यायला हवा. त्यातला सलग अर्धा तास दाखवला तर सत्राचा तोल सुधारेल.

राहून गेलेल्या गोष्टीही आहेत. १९८६ मध्ये फ्रेंच गायक सर्ज गेन्सबूर यांच्यासोबत त्याने गायलेले मिस्कील युगुलगीत वाजले नाही. गरिबांना अन्न पुरवणाऱ्या ‘रेस्तो द्यू कर’ या चळवळीसाठी १९८९ मध्ये निघालेल्या गायकांच्या पहिल्या दौऱ्यात तो होता, त्याचा उल्लेख नव्हता. २०११ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात त्याने आपला निरोपाचा दौरा संपवला, आणि दौऱ्याचे नावही त्या ‘अखेरच्या खेळा’वरूनच घेतले होते. त्यानंतर २०१४ आणि २०१७ मध्ये हॅलिडे आणि फ्रेंच गायक जाक द्यूत्राँ यांच्यासोबत, ‘जुने बदमाश’ अशा नावाने, तो पुन्हा रंगमंचावर आला. २०१७ च्या दौऱ्यात हॅलिडे कर्करोगाच्या उपचारांवर होता आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला. त्या दौऱ्याची चित्रफीत उपलब्ध आहे. गोल्फ-द्रुओमधले दोघे मित्र सत्तरीपलीकडे एकाच मंचावर उभे असलेले त्यात दिसतात, आणि पहिल्या तासात न झालेली दोघांची तुलना त्या पाच मिनिटांत आपोआप झाली असती.

फराळाविषयी तक्रार नाही. कॉफी फिल्टरची, गरम आणि पुरेशी होती. सोबत कोंडाजीचा चिवडा. खालच्या दुकानात मिचेलच्या काही तबकड्या विक्रीला ठेवल्या आहेत, पण त्यांच्या किमती मला चढ्या वाटल्या आणि एका तबकडीवर ओरखडा असूनही ती ‘उत्तम स्थिती’ अशा चिठ्ठीसह ठेवलेली होती. विकत घ्यायची असल्यास आधी वाजवून दाखवण्याचा आग्रह धरावा. विक्रेते नाही म्हणत नाहीत.

पुढचे सत्र हॅलिडेवर असल्याचे जाहीर झाले आहे. नाच आणि जल्लोष हवा असलेल्यांनी त्याला जावे. ज्यांना गाण्यात गोष्ट ऐकायला आवडते त्यांनी मिचेलचे सत्र पुन्हा होईल तेव्हा जावे, आणि शक्यतो पहिल्या दोन रांगांत जागा धरावी. नोंदणी फोनवरच होते. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही, गाडी मुख्य रस्त्यावर ठेवून चालत यावे लागते. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, एका बाजूला कठडा नाही; गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी नोंदणी करताना तसे सांगितले तर खालच्या खोलीतही स्पीकर जोडून देण्याची तयारी आयोजकांनी दाखवली आहे, मात्र तिथून पडदा दिसत नाही.